बाज वाहणारे चौघे

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व मंडळीतील अभ्यासवर्ग यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२, २ राजे ४:१८-३७. तोंडपाठ करावयाचे वचन : गलती ६:२.



पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळांतून इतक्या वेळा सांगितली जाते की, ‘कफर्णहूम’ एवढा शब्द उच्चारताच मागे बसलेली मुले ‘छप्पर, छप्पर’ म्हणून ओरडू लागतात. छपराची गंमत मुलांना वाटावी हे योग्यच आहे. परंतु त्या गमतीत बाज वाहून आणणारी माणसे मागे पडतात. या महिन्याच्या पाठात आपण त्यांच्याकडे पाहू.

ती चार होती हे फक्त मार्क सांगतो. मत्तय व लूक यांनी आकडा दिलेला नाही. मार्काच्या मूळ ग्रीक वाक्याची ठेवण पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. काही लोक येतात, ते पक्षघात्याला आणतात, आणि त्याला चौघांनी उचललेले असते, असे ते वाक्य आहे. म्हणजे आलेली माणसे चौघांहून अधिक असावीत, असा अर्थ घेण्यास जागा आहे. ज्याने कधी आजारी माणसाला डोलीतून किंवा झोळीतून लांबच्या गावी नेले आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही. उचलणारे चार असले तरी खांदा बदलायला दुसरे चार लागतात, आणि कोणीतरी पाण्याची कळशी घेऊन पुढे चालावे लागते.

छपराविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मार्क छप्पर उकरल्याचे सांगतो, तर लूक (५:१९) कौलांतून खाली सोडल्याचे लिहितो. पालेस्ताईनातील साध्या घराला लाकडी वासे, त्यांवर फांद्या व गवत आणि वर चोपलेली माती असे. लूकाने आपल्या वाचकांच्या ओळखीचे घर डोळ्यांपुढे आणले असावे, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील मुलांना दोन्ही समजतात. अथणीकडे धाब्याची घरे आणि खानापूरकडे कौले त्यांनी पाहिलेली असतात.

आता दाराकडे पाहा. दार कोणी अडविले होते? चोरांनी नाही, शत्रूंनीही नाही. वचन ऐकायला जमलेल्या भाविकांनी! ते वाईट लोक नव्हते. त्यांची तोंडे प्रभूकडे होती, म्हणूनच त्यांची पाठ बाजेकडे झाली. हा पाठ तयार करताना आम्ही या वाक्यापाशी पुष्कळ वेळ थांबलो, कारण दर रविवारी आम्ही पुढच्या बाकावर बसतो.

पाचव्या वचनात येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे आहे. पक्षघात्याचा स्वतःचा विश्वास किती होता, याविषयी मार्क एक अक्षरही लिहीत नाही. आणि येशू त्याला कोणत्या शब्दाने हाक मारतो? ग्रीकमध्ये तेथे ‘तेक्नोन’ हा शब्द आहे, म्हणजे लेकरू. वयाने तो मनुष्य कितीही असो, जो दुसऱ्यांच्या हातांवाचून हलू शकत नाही, त्याला प्रभू लेकराच्या नावाने हाक मारतो. तेव्हा आजारी लेकरांचा विचार या उताऱ्यावरून करणे म्हणजे ओढाताण नव्हे. लहान मुलाला आपला आजार सांगता येत नाही, दवाखान्याची वाट ठाऊक नसते, आणि ‘तुझा विश्वास आहे का?’ असे त्याला विचारण्यात अर्थ नसतो. त्याच्या वतीने विश्वास धरणारे दुसरे कोणी लागतात.

आपल्या मंडळ्यांत कोणी प्रभूमध्ये निजले, तर पेटी उचलायला माणसे शोधावी लागत नाहीत. चौघे उचलतात आणि खांदा द्यायला आठ जण मागे उभे असतात. वखारीतले कामकरी त्या दिवसाची मजुरी सोडून येतात. ही रीत फार चांगली आहे, ती मोडू नये. पण त्याच घरातले मूल सहा महिने आजारी असते, तेव्हा तेच आठ जण कोठे असतात, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला आणि मग येथे लिहिला.

याचे एक कारण आपल्या इतिहासात असावे, असे आम्हांला वाटते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले व १९०४ साली ते मेथडिस्टांकडे आले. निपाणीकडचा ओढा कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे. त्या मिशनचा पाया रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली घातला. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला इस्पितळ उघडले. पुढे कोल्हापूरला मेरी वानलेस इस्पितळ झाले, क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीचे आरोग्यधाम झाले. आमच्या आजोबांच्या पिढीला मूल आजारी पडले म्हणजे एकच शब्द ठाऊक होता : मिरज. बैलगाडी जुंपली की पुढचे सारे तेथली माणसे पाहत. त्या सेवेबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. तथापि त्या सेवेच्या सावलीत आपल्याला एक सवयही लागली. बाज उचलणे हे इस्पितळाचे काम आहे, मंडळीचे काम अनुदान देण्याचे, असे आपण धरून चाललो. आज मिशनच्या इस्पितळांवर पूर्वीसारखे विसंबता येत नाही, आणि सवय मात्र तशीच राहिली आहे.

आमच्याच हातून काय घडले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यातील, मंडळीतल्याच घरातला सात वर्षांचा मुलगा. हृदयाला छिद्र असल्याचे निघाले. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील बाहेरगावी, घरी आणखी दोन धाकटी. हंगामाच्या सणाला आम्ही वेदीपाशी उभे राहून आवाहन केले. मंडळीने हात सैल सोडला. एका विधवा बाईंनी कोंबडी आणून दिली, तिचा लिलाव झाला. पाकीट भरून आम्ही स्वतः त्या घरी नेले, प्रार्थना केली, चहा घेतला आणि परत आलो. मोठ्या शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढच्या रविवारी आम्ही उपकारस्तुती केली. आमच्या वहीत ते प्रकरण संपले.

ते संपले नव्हते. घरी सोडताना त्या आईच्या हाती सूचनांचा एक कागद देण्यात आला होता. तो कानडीत होता. बाई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. हृदयाची अशी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे दात जपावे लागतात, आणि ताप आला तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नये. कारण रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसू शकतात. हे त्या कागदात लिहिले होते. दोन महिन्यांनी मुलाला ताप येऊ लागला. गावातून गोळ्या आणल्या, उतरला. पुन्हा आला. असे तीन आठवडे गेले. मग दुसऱ्यांदा इस्पितळ, महिनाभर सलाईनमधून औषधे. या वेळी पाकीट नव्हते. प्रभूच्या दयेने मूल वाचले. पण आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती माउली सलाम करून म्हणाली, ‘‘पैसं गावलं, मास्तर. पर मानूस गावलं न्हाई.’’

तिने रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते अधिक लागले. आम्हांला कानडी वाचता येते. आम्ही ती शाळेत शिकलो आहोत. तो कागद वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली असती. आम्ही चहा प्यालो त्यापेक्षा कमी.

त्या दिवसानंतर आम्ही शुनेमच्या बाईची गोष्ट (२ राजे, अध्याय ४) पुन्हा वाचली. तिचा मुलगा शेतात डोके दुखते म्हणून कण्हू लागतो आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर मरतो. ती कर्मेलापर्यंत गाढवीवरून धावत जाते. अलीशा काय करतो? तो आपल्या सेवकाला, गेहजीला, आपली काठी देऊन पुढे पाठवितो, ती मुलाच्या तोंडावर ठेवायला सांगतो. काठी संदेष्ट्याची होती, खोटी नव्हती. गेहजीनेही सांगितले तसेच केले, त्याला येथे दोष देता येत नाही. तरी मुलाकडून आवाज नाही, हालचाल नाही. आई मात्र काठीवर समाधान मानणारी नव्हती. ती अलीशाला सोडून हालायलाच तयार नाही, म्हणून तो उठून तिच्या मागे निघाला. मग तो त्या खोलीत गेला, दार लावले, प्रार्थना केली आणि त्या थंड देहावर स्वतः पसरला, तोंडावर तोंड, डोळ्यांवर डोळे, हातांवर हात ठेवून. एकदा करून भागले नाही. तो उठला, घरात येरझारा घातल्या, पुन्हा गेला. आमचे ते पाकीट म्हणजे गेहजीच्या हातची काठी होती.

येथे मंडळीबाहेरचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. १८९७ साली पुण्याकडे प्लेगची साथ चालू होती. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. आपल्या वर्गात हे उदाहरण सांगायला कोणी कचरू नये.

आता गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय. दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि पाचव्यात प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हणतो. मुलांना हे उलटसुलट वाटते, मोठ्यांनाही वाटते, आणि काही जण दुसऱ्या वचनातून सुटण्यासाठी पाचव्याचा आसरा घेतात. मूळ शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला चिरडणारे वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे प्रवाशाचे किंवा शिपायाचे ठरलेले गाठोडे. मुलाला वेळेवर जेवू घालणे, शाळेत घालणे हे आईबापांचे गाठोडे आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या हृदयाचे छिद्र हे एका वखारीतल्या बाईचे गाठोडे होऊ शकत नाही.

मग आपल्या मंडळीत बाजेचे कोपरे कोणते? आम्ही पाहिले तेवढे सांगतो.

पहिला कागदाचा. आपण सीमेवर राहतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. आजारी मूल घेऊन माणूस साहजिकच जवळच्या वाटेने जातो, आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की दुसरे राज्य लागते. उपचाराच्या सरकारी योजना मात्र राज्याराज्यांच्या आहेत. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत व आरोग्य कर्नाटक एकत्र चालते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण आधीपासून ठरवून करण्याच्या उपचारांसाठी सरकारी दवाखान्याचे शिफारसपत्र लागते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले आणि त्यावरून दोन राज्यांत वाद उठला. त्या वादात हे मासिक शिरणार नाही. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, कोणते कार्ड कोणत्या इस्पितळात चालते हे मूल गाडीत घालण्यापूर्वी विचारून ठेवणारा एक मनुष्य प्रत्येक मंडळीत हवा. तो कानडी, मराठी व थोडे इंग्रजी वाचणारा असावा. तरुण संघात असे पुष्कळ आहेत. त्यांना गायनाखेरीज दुसरे काम कोणी सांगितलेले नाही.

दुसरा कोपरा रक्ताचा. थॅलेसेमिया झालेल्या मुलाच्या अंगात चांगले रक्त तयार होत नाही. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते, म्हणजे वर्षातून तेरा ते सतरा वेळा, आणि हे जन्मभर. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी एकदा रक्त देता येते, स्त्रीला चार महिन्यांनी. वय अठरा ते पासष्ट, वजन निदान पंचेचाळीस किलो. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा. एका मुलासाठी नियमाने वर्षातून चार वेळा देणारे पाच पुरुष, किंवा वर्षाला एकदाच देणारे सतरा जण लागतात. प्रत्येकाचा रक्तगट निराळा असला तरी अडत नाही. रक्तपेढीत सर्वांच्या रक्ताची भर पडते व मुलाला त्याच्या गटाचे मिळते. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे होत नाहीत आणि रक्ताचा तुटवडा पडतो. त्याच महिन्यात आपली सुट्टीतील बायबल शाळा भरते व मुलांना सोडायला आईबाप देवळात येतात. दुसरे असे की, आईवडील दोघेही या रोगाचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि वाहक आहे की नाही हे रक्त तपासून कळते. विवाहापूर्वी मंडळीपुढे सूचना वाचण्याची आपली रीत आहे. पाळकांनी विवाहाचे शिक्षण देताना या तपासणीचा शब्द घातला तर काय बिघडेल? काही वडीलजनांना ते देवळात बोलण्यासारखे वाटत नाही. आम्हांला वाटते.

तिसरा नजरेचा, आणि हा खास शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचा आहे. तुम्ही तेच मूल दर रविवारी पाहता. खेळताना धाप लागून मध्येच उकिडवे बसणारे, ओठ निळसर पडणारे मूल. अंगावर फिकट चट्टा असून तेथे टोचलेले न कळणारे मूल. दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला असून दिवसेंदिवस रोडावणारे मूल. लहान मुलांना क्षय झाला तर बेडका क्वचितच पडतो, म्हणून तो ओळखायला उशीर होतो, आणि बहुधा घरातल्याच कोणा मोठ्या माणसाकडून तो आलेला असतो. फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरे चमकणारे बाळ. हे दिसले तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुले तपासते आणि पुढच्या उपचारांसाठी पाठविते. क्षयाच्या रोग्यांना सकस आहार पुरविण्याचे काम संस्थांना ‘नि-क्षय मित्र’ म्हणून २०२२ पासून घेता येते. स्त्री-मंडळाने सहा महिने एका घराचा शिधा पत्करला तर तो शाल-श्रीफळाच्या खर्चाहून फार जास्त होणार नाही.

चौथा कोपरा मागे राहिलेल्या घराचा. इस्पितळातल्या मुलाजवळ आई असते. घरी राहिलेल्या दोन धाकट्यांजवळ कोण असते? वखारीतला रोज बुडतो तो कोण भरतो? रात्री आईला दोन तास झोप मिळावी म्हणून खाटेजवळ कोण बसतो? याला शिक्षण लागत नाही, पैसाही फार लागत नाही. म्हणून याला माणूस मिळणे सर्वांत कठीण, असा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. अलीकडे काही ठिकाणी फिट येणाऱ्या मुलांच्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करायला लावतात. अशा गोळ्या एकाएकी थांबविल्या तर फिट थांबता थांबत नाही व जीव जाऊ शकतो. चौघांनी बाज घरीच ठेवून विश्वास दाखविला नाही; ते चालले, त्यांनी छप्पर उकरले. प्रार्थना करावी, रात्रभर करावी, आणि गोळी वेळेवर द्यावी.

शिक्षकांसाठी : वर्गात खरोखरची चटई आणावी आणि वर्गातल्या सर्वांत हलक्या मुलाला तिच्यावर निजवून चौघांना चार कोपरे धरून दाराबाहेर नेऊन परत आणायला सांगावे. तिघांना उचलून पाहू द्यावे. एक कोपरा खाली घसटतो आणि चटईवरचे मूल त्या बाजूला कलते, हे मुलांना लगेच दिसते. मग दारात मुलांची गर्दी उभी करावी व आत कसे जाता ते विचारावे. आमच्या वर्गात पाच मिनिटे नुसता गोंधळ झाला, तो होऊ द्यावा. छप्पर कोणी दुरुस्त केले, हे मुले हमखास विचारतात. शास्त्र सांगत नाही. मुलांची उत्तरे ऐकून घ्यावीत. ‘त्या चौघांनीच’ असे बहुतेक म्हणतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ‘खाली बसलेल्यांनी’ असे सांगितले, कारण धूळ त्यांच्याच डोक्यावर पडली होती.

मोठ्यांच्या अभ्यासवर्गात वरील चार कोपऱ्यांची नावे वहीच्या एका पानावर लिहून वही फिरवावी, आणि ज्याला जो कोपरा धरता येईल तेथे त्याने आपले नाव लिहावे. आमच्या मंडळीत पहिल्या रविवारी अकरा नावे आली. चौथ्या कोपऱ्याखाली एकच होते, कोंबडी देणाऱ्या त्या विधवा बाईंचे.

पुढील महिन्याचा पाठ याईराच्या मुलीवर आहे. शिक्षकांनी मार्क ५:२१-४३ वाचून यावे, आणि मुलगी उठल्यावर प्रभूने घरच्यांना सर्वांत आधी कोणते काम सांगितले, ते शोधून ठेवावे.